स्वतःची टीम कायम तळाला होती, म्हणून त्याने एक नियम आणला. आज अमेरिका त्याच नियमाने डिफेंडर निवडते

थंडी पडली की रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डीचे सामने लागतात. श्रीवर्धन तालुक्यातलं दिघी घ्या नाहीतर खाडीपलीकडचं मुरुड घ्या, गावाचा संघ ठरवताना वाद एकाच जागेवरून होतो. चढाईला कोण जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. त्या पोराचं नाव शेजारच्या चार गावांतही माहीत असतं. डोकं खाजवायला लागतं ते डाव्या कोपऱ्याला कोण उभा करायचा यावर. चढाईपटूचे गुण फळ्यावर दिसतात. चांगला कोपरारक्षक मात्र कधीकधी अख्ख्या सामन्यात एकच पकड करतो, कारण समोरचा त्याच्या बाजूला फिरकतच नाही.

प्रो कबड्डीतही तेच. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख रुपये लावले, तेव्हा पकडीवाल्याला एवढे पैसे कशाला, असं म्हणणारे भरपूर होते. पुढे त्याच मोसमात पलटणने ट्रॉफी उचलली आणि ही चर्चा बंद झाली.

हाच प्रश्न अमेरिकेत दरवर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय चर्चेचा विषय होतो. तिथल्या फुटबॉलची लीग म्हणजे एनएफएल. तिच्यात ३२ टीम आहेत आणि कॉलेजातून बाहेर पडणारे नवे खेळाडू त्या लिलावात विकत घेत नाहीत. त्या एका रांगेत उभ्या राहतात आणि आपला नंबर आला की एक नाव घेतात. याला म्हणतात ड्राफ्ट. गंमत अशी की रांगेत पहिला नंबर मागच्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमचा असतो आणि विजेता सगळ्यात शेवटी. पहिल्या फेरीत प्रत्येकाला साधारण एकच संधी मिळते. ती बचाव करणाऱ्या खेळाडूवर खर्च करायची का, आणि करायची तर कोणत्या, यावर महिनोन्‌महिने टीव्हीवर काथ्याकूट चालतो.

ही रांग ज्याच्या डोक्यातून आली त्याचं नाव बर्ट बेल. १९५९ मध्ये तो गेला. त्याची गोष्ट वाचली की हा नियम किती न्यायाचा आणि किती अन्यायाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. चेंडू लांबोळका असतो, हातात धरून पळतात, फेकतात, एकमेकांना पाडतात. ज्या टीमकडे चेंडू आहे तिला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचं असतं. समोरच्यांनी त्यांना रोखायचं. आज दोन्ही कामांसाठी वेगवेगळे ११-११ जण असतात. चेंडू बाजू बदलतो तेव्हा अख्खी फळी मैदानाबाहेर जाते आणि दुसरी आत येते.

म्हणजे कबड्डीच्या भाषेत, चढाईपटू पूर्ण वेगळे आणि पकडीवाले पूर्ण वेगळे. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हा हिरो. त्याला फेकायच्या आत गाठून लोळवणारे, मधल्या पट्ट्यात धावणाऱ्याला अडवणारे लाइनबॅकर आणि मागे चेंडू झेलणाऱ्याला सावलीसारखे चिकटणारे कॉर्नरबॅक हे बचावाचे लोक. हे नीट लक्षात ठेवा, कारण बेलने ड्राफ्ट आणला तेव्हा यातलं काहीच असं नव्हतं.

श्रीमंताघरचा उडाणटप्पू

बर्ट बेलचा जन्म २५ फेब्रुवारी १८९५ चा, फिलाडेल्फियातला. खरं नाव डी बेनव्हिल बेल. वडील पेनसिल्व्हेनिया राज्याचे ॲटर्नी जनरल होते. भाऊ पुढे काही दिवसांसाठी का होईना, त्याच राज्याचा गव्हर्नर झाला. थोडक्यात घराणं मोठं, पैसा मोठा, ओळखी त्याहून मोठ्या.

पोरगा मात्र अभ्यासापेक्षा मैदानात रमणारा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या टीमचा तो क्वार्टरबॅक होता, १९१७ मध्ये कॅप्टनही झाला. पहिल्या महायुद्धात विद्यापीठाच्या वैद्यकीय तुकडीबरोबर फ्रान्सला गेला. परत आल्यावर विद्यापीठातच सहायक प्रशिक्षक म्हणून राहिला. कारण सरळ होतं, त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं.

बाकी वेळ घोड्यांच्या शर्यती, पत्ते, दारू. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला तेव्हा त्याचेही पैसे बुडाले आणि वडिलांनीच त्याला बाहेर काढलं. कुटुंबाचा संबंध असलेल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात तो काम बघायचा. तिशी उलटली तरी हा माणूस पुढे काहीतरी करेल अशी पैज लावायला कुणी तयार झालं नसतं.

बदल झाला तो फ्रान्सिस अप्टनमुळे. ती ब्रॉडवेवरची नामांकित अभिनेत्री. बेल तिच्या प्रेमात पडला आणि तिच्यासाठी त्याने दारू सोडली, ती कायमची. १९३४ मध्ये दोघांचं लग्न झालं. पण त्याआधीच, १९३३ मध्ये, बेलने तिच्याकडून उसने पैसे घेऊन एक गोष्ट विकत घेतली होती. बुडालेली एक फुटबॉल टीम.

ईगल्स नावाचा पांढरा हत्ती

जुना मित्र लड रे याच्यासोबत त्याने फिलाडेल्फियातल्या बंद पडलेल्या टीमचे हक्क घेतले. तेव्हा रूझवेल्ट सरकारच्या मंदी हटवण्याच्या मोहिमेचं चिन्ह होतं निळा गरुड. त्यावरून टीमचं नाव ठेवलं ईगल्स. आज ही टीम अब्जावधी डॉलरची आहे. तेव्हा बेल स्वतः रस्त्यावर उभं राहून तिकिटं विकायचा.

लोकांना कॉलेजचं फुटबॉल आवडायचं. पैसे घेऊन खेळणारे म्हणजे हलके लोक, असा समज होता. त्यात मंदी. त्यात टीम हरायची. १९३३ मध्ये तीन सामने जिंकली, १९३४ मध्ये चार, १९३५ मध्ये फक्त दोन.

आणि इथे बेलच्या लक्षात एक चक्र आलं. तेव्हा कॉलेजातून बाहेर पडणारा खेळाडू कोणत्याही टीमशी बोलणी करू शकायचा. चांगला पोरगा अर्थातच शिकागो बेअर्स किंवा न्यूयॉर्क जायंट्सकडे जायचा. तिथे पैसा होता, गर्दी होती, जिंकण्याची खात्री होती. जिंकणारी टीम अजून जिंकायची, तिची अजून तिकिटं खपायची, त्या पैशात ती अजून चांगले खेळाडू घ्यायची. ईगल्सच्या वाट्याला उरलासुरला माल.

ठिणगी पडली ती स्टॅन कोस्टकावरून. मिनेसोटा विद्यापीठाचा हा दणकट फुलबॅक १९३४ च्या अपराजित टीममध्ये होता आणि बऱ्याच जणांना तो हवा होता. बेलही त्याच्या मागे लागला. पण बोली चढत गेली आणि कोस्टका ब्रुकलिनच्या टीमकडे गेला. बेल हात हलवत परत आला.

१९ मे १९३५. पिट्सबर्गच्या फोर्ट पिट हॉटेलात मालकांची बैठक. तिथे बेलने प्रस्ताव मांडला. नवे खेळाडू निवडायचे ते रांगेने, आणि रांग उलटी. तळाची टीम आधी, विजेती शेवटी. ज्याने नाव घेतलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी त्या खेळाडूशी बोलायचं नाही.

प्रस्तावाचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला होता हे उघड होतं. बेलची टीम तळाजवळच होती. पण बेअर्सचा जॉर्ज हॅलस आणि जायंट्सचा टिम मारा, ज्यांचं यात थेट नुकसान होतं, त्यांनीही हात वर केला. का? एक कारण म्हणजे आपल्याशी खेळायला कुणी उरलंच नाही तर तिकीट कोण काढणार, हे त्यांना कळत होतं.

दुसरं कारण कमी सांगितलं जातं. बोली बंद झाली की पगार खाली येणार होते. एका खेळाडूसमोर एकच मालक. घे नाहीतर सोड. हे सगळ्याच मालकांच्या फायद्याचं होतं, आणि ज्या पोरांवर हा नियम लागणार होता त्यांच्यातला एकही त्या खोलीत नव्हता.

फळ्यावरची ९० नावं

पहिला ड्राफ्ट झाला ८ फेब्रुवारी १९३६ ला, फिलाडेल्फियात, बेल ज्या हॉटेलात काम बघायचा त्याच रिट्झ-कार्लटनमध्ये. कॅमेरे नाहीत, प्रेक्षक नाहीत. एका फळ्यावर ९० नावं लिहिलेली. नऊ टीम, नऊ फेऱ्या, एकूण ८१ निवडी.

त्या ९० जणांबद्दल त्या खोलीत माहिती किती होती? फारच थोडी. पूर्णवेळ खेळाडू शोधणारी माणसं कुठल्याही टीमकडे नव्हती. वर्तमानपत्रातली कात्रणं, मासिकांत छापून येणाऱ्या याद्या, ओळखीच्या कॉलेज प्रशिक्षकांची पत्रं, एवढ्यावर सगळं. टिम माराचा मुलगा वेलिंग्टन गावोगावची वर्तमानपत्रं मागवून स्वतःच्या याद्या करायचा, म्हणून जायंट्स त्यातल्या त्यात शहाणे.

आणि बचावपटू? त्या फळ्यावर असा एकही खेळाडू नव्हता. म्हणजे प्रत्येकजणच बचावपटू होता. तेव्हा बदली खेळाडूवर कडक बंधनं होती. जे ११ जण चेंडू घेऊन पळायचे तेच चेंडू गेल्यावर समोरच्याला पाडायचे. नाव मात्र व्हायचं ते पळण्यामुळे. त्यामुळे निवडही व्हायची पळण्यावरून, आणि पाडता येतं की नाही हे नंतर बघू.

पहिला नंबर ईगल्सचा. बेलने नाव घेतलं जे बरवँगर. शिकागो विद्यापीठाचा हाफबॅक, कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान समजल्या जाणाऱ्या हाइझमन ट्रॉफीचा पहिला मानकरी. इतिहासातली पहिली ड्राफ्ट निवड.

आणि तो आला नाही.

त्याने मागितलेले पैसे बेलकडे नव्हते. बेलने त्याचे हक्क हॅलसला देऊन टाकले, हॅलसलाही ते परवडले नाहीत. बरवँगरने हिशोब केला आणि रबराच्या कंपनीत नोकरी धरली. व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नाही. त्या वर्षी ईगल्सने निवडलेल्या नऊपैकी एकही जण टीममध्ये आला नाही. नियम ज्याने आणला त्याच्या पदरात शून्य.

१९३६ च्या मोसमात ईगल्स १२ सामने खेळले, ११ हरले. भागीदारी मोडली, टीम लिलावात निघाली आणि बेलने ती एकट्याने ४,५०० डॉलरला घेतली. प्रशिक्षक ठेवायला पैसे नव्हते म्हणून स्वतःच प्रशिक्षक झाला. पाच मोसमांत त्याचा हिशोब आहे १० विजय, ४४ पराभव, २ बरोबरी. माझ्या मते बेलच्या आयुष्यातला हा सगळ्यात बोलका आकडा आहे. ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळणं आणि निवड बरोबर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या माणसाइतकं कुणाला कळलं नसेल. १९३९ मध्ये त्याने डेव्ही ओब्रायन हा गाजलेला, पण जेमतेम ५ फूट ७ इंचाचा क्वार्टरबॅक घेतला. पोरगा खेळला जबरदस्त. टीम तरीही तळालाच. दोन वर्षांत ओब्रायनने खेळ सोडला आणि एफबीआयमध्ये गेला.

पुढे बेलने पिट्सबर्गच्या आर्ट रूनीशी भागीदारी केली, टीमची अदलाबदल झाली आणि तो पिट्सबर्ग स्टीलर्सचा सहमालक झाला. ती कहाणी वेगळी आणि बरीच गुंतागुंतीची आहे. इथे एवढंच लक्षात ठेवा की दोन टीम त्याच्या होत्या, ईगल्स आणि स्टीलर्स.

जेवणाच्या टेबलावरचे डॉमिनो

जानेवारी १९४६ मध्ये मालकांनी बेलला लीगचा कमिशनर केलं. हरणारा प्रशिक्षक, फसलेला मालक, पण सगळ्यांशी बोलता येणारा माणूस. तो कामाला लागला तेव्हा एक प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली होती आणि खेळाडूंचे पगार चढत होते. त्याच वर्षअखेर अंतिम सामन्याआधी जायंट्सच्या दोन खेळाडूंना सामना सोडण्यासाठी लाच देऊ केल्याचं प्रकरण बाहेर आलं. तरुणपणी स्वतः जुगारात बुडालेल्या बेलने त्या दोघांना निलंबित केलं आणि सट्टेबाजांविरुद्ध आयुष्यभर दंड थोपटले.

मोसमाचं वेळापत्रक तो घरी, जेवणाच्या टेबलावर, मोठ्या पुठ्ठ्यावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडून तयार करायचा. सुरुवातीच्या आठवड्यांत दुबळ्यांची गाठ दुबळ्यांशी आणि तगड्यांची तगड्यांशी घालायचा, म्हणजे कुणाचीच आशा लवकर संपणार नाही. ड्राफ्टमागेही हाच विचार होता. कुठल्याही रविवारी कुणीही कुणालाही हरवू शकतं असं वाटलं तरच लोक तिकीट काढतील, यावर त्याची श्रद्धा होती.

१९४७ पासून त्यात त्याने एक लॉटरी घुसवली. दरवर्षी एका टीमला चिठ्ठी काढून सगळ्यात पहिली, जादा निवड मिळायची. १९४९ च्या ड्राफ्टसाठी चिठ्ठी निघाली ती नेमकी ईगल्सची, जे दोनच दिवसांपूर्वी लीगचे विजेते झाले होते. बेल मालक असताना ज्या टीमला नशिबाने कधी साथ दिली नाही, तिला आता सगळं मिळत होतं. ईगल्सने घेतलं चक बेडनारिकचं नाव. बेलच्याच विद्यापीठातला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानाच्या बंदुकीमागे बसून ३० मोहिमा केलेला. तो सेंटर म्हणून आक्रमणात खेळायचा आणि लाइनबॅकर म्हणून बचावात. त्याला पुन्हा भेटू.

बचावपटू जन्माला आला, पण ओळखणार कसा?

१९५० मध्ये लीगने एक नियम कायमचा केला. हवे तेवढे खेळाडू, हवे तेव्हा बदला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याने खेळ मधोमध फाडला. आता आक्रमणाचे ११ वेगळे आणि बचावाचे ११ वेगळे ठेवता येऊ लागले. ज्याला फक्त पाडता येतं, फक्त अडवता येतं, अशा माणसाला पहिल्यांदाच स्वतंत्र नोकरी मिळाली. आणि ड्राफ्टच्या खोलीत पहिल्यांदाच हा प्रश्न आला की पहिल्या फेरीत बचावाचा माणूस घ्यायचा का.

अडचण अशी की त्याला मोजायचं कसं? धावणाऱ्याचे यार्ड मोजता येतात. कॉर्नरबॅक चांगला असेल तर क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने चेंडूच फेकत नाही. कागदावर त्याच्या नावापुढे काहीच उरत नाही. दिघीच्या मैदानावरच्या डाव्या कोपऱ्याचीच गत. आजही टीम यावर उपाय शोधतात. ४० यार्डांची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, हाताची लांबी मोजतात, उडी मोजतात. पण समोरच्याच्या खांद्याची हालचाल वाचून अर्धा क्षण आधी निघणं मोजपट्टीत येत नाही.

तेव्हा तर मोजपट्टीही नव्हती. चुका किती मोठ्या व्हायच्या हे दोन माणसांवरून कळतं.

एमलेन टनेल. कॉलेजात मान मोडलेली, मग तटरक्षक दलात, मग पुन्हा कॉलेज. १९४८ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. तो वाटेत मिळेल त्या गाडीने न्यूयॉर्कला पोचला, त्यातला एक टप्पा केळ्यांच्या ट्रकमधून, आणि थेट जायंट्सच्या ऑफिसात जाऊन खेळायची संधी मागितली. निवृत्त झाला तेव्हा समोरच्याने फेकलेले ७९ चेंडू त्याने मध्येच पकडले होते. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला निव्वळ बचावपटू.

दुसरा डिक लेन, टोपणनाव नाइट ट्रेन. विमानाच्या कारखान्यात काम करायचा. कामाला कंटाळून एक दिवस कात्रणांची वही घेऊन लॉस एंजेलिस रॅम्सच्या ऑफिसात गेला. ड्राफ्टमध्ये त्याचंही नाव कुणी घेतलं नव्हतं. १९५२ मध्ये, पहिल्याच मोसमात, १२ सामन्यांत त्याने १४ चेंडू पकडले. आज मोसम १७ सामन्यांचा आहे, तरी तो विक्रम मोडलेला नाही.

दोघे कृष्णवर्णीय होते, आणि हा योगायोग नाही. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९३६ ते १९४८ या १३ ड्राफ्टमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूचं नाव घेतलं गेलं नाही. लॉस एंजेलिसचा केनी वॉशिंग्टन १९३९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत गणला जायचा, पण फळ्यावरून त्याचं नाव कुणी उचललं नाही. १९४९ च्या ड्राफ्टमध्ये बेअर्सने जॉर्ज टालियाफेरोला १३ व्या फेरीत घेतलं तेव्हा ही भिंत पडली. बेलचा नियम दुबळ्या टीमला न्याय द्यायला होता हे खरं. पण ती टीम ज्या पोरांमधून निवड करायची, त्यातल्या कित्येकांना आधीच रांगेबाहेर उभं केलेलं होतं. आधी मालक आणि नंतर कमिशनर म्हणून बेल त्या सगळ्या वर्षांत त्याच खोलीत बसत होता, हेही लिहायला हवं.

कोर्टाचं दार

खेळाडूला टीम निवडता येत नाही याचे चटके बसायला लागलेच होते. डेट्रॉइटचा बिल राडोविच. वडील आजारी होते म्हणून त्याने लॉस एंजेलिसच्या टीममध्ये बदली मागितली. टीमने नाही म्हटलं. तो प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला, आणि नंतर त्याचं नाव काळ्या यादीत गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. फेब्रुवारी १९५७ मध्ये निकाल आला की मक्तेदारीविरोधी कायदा या लीगलाही लागू होतो.

बेल हादरला, कारण या कायद्याच्या नजरेने पाहिलं तर ड्राफ्ट म्हणजे मालकांनी संगनमत करून बोली बंद करणं. त्याच वर्षी तो संसदेच्या समितीपुढे ड्राफ्टची बाजू मांडायला गेला. आणि तिथे त्याने एक गोष्ट केली जी मालकांना अजिबात नको होती. खेळाडूंच्या संघटनेला लीगची मान्यता असल्याचं त्याने जाहीर केलं. मालकांना विचारत बसला नाही.

याचं मोल कळायला २० वर्षं गेली. १९६८ मध्ये वॉशिंग्टनच्या टीमने पहिल्या फेरीत, १२ व्या क्रमांकावर, याझू स्मिथ नावाचा बचावपटू घेतला. पहिल्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला दुखापत झाली आणि करिअर संपलं. त्याने कोर्टात म्हणणं मांडलं की मला सगळ्या टीमशी बोलता आलं असतं, तर दुखापतीचं संरक्षण देणारा, जास्त पैशांचा करार मी मिळवला असता. १९७६ मध्ये कोर्टाने तेव्हाचा ड्राफ्ट बेकायदा ठरवला आणि १९७८ मध्ये वरच्या कोर्टानेही तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग असल्याचं मान्य केलं.

मग आज ड्राफ्ट चालतो कसा? कारण १९७७ च्या सामूहिक करारात खेळाडूंच्या संघटनेने त्याला संमती दिली. बदल्यात इतर गोष्टी मिळवल्या, फेऱ्याही १७ वरून १२ वर आल्या, आता तर सातच आहेत. मालकांनी आपसात ठरवलेला नियम बेकायदा, पण कामगार संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेला नियम चालतो. म्हणजे बेलचा नियम आज उभा आहे तो त्याच संघटनेच्या सहीवर, जिला बेलने मालकांचा राग पत्करून मान्यता दिली होती. आपल्याकडे आयपीएल आणि प्रो कबड्डीच्या लिलावात खेळाडूला टीम निवडता येत नाही, तिथे समोर अशी संघटना कुठे बसते, हा प्रश्न मला हे वाचताना सारखा पडत होता.

एनएफएलच्या निवृत्त खेळाडूंच्या पेन्शन योजनेला बर्ट बेलचं नाव आहे. नंतर त्याला त्याचा वारसदार पीट रोझेलचं नाव जोडलं गेलं.

शेवटचा रविवार

११ ऑक्टोबर १९५९. फिलाडेल्फियाचं फ्रँकलिन फील्ड, जिथे बेल विद्यापीठासाठी खेळला होता. सामना ईगल्स विरुद्ध स्टीलर्स, म्हणजे त्याच्या दोन्ही जुन्या टीम. डॉक्टरांनी त्याला ताण घेऊ नको म्हणून बजावलं होतं. तो सामान्य प्रेक्षकांत बसून सामना बघत होता. शेवटची काही मिनिटं उरली असताना हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. वय ६४. नवा कमिशनर ठरवायला मालकांना २३ वेळा मतदान घ्यावं लागलं, तेव्हा कुठे रोझेलचं नाव निघालं.

पुढच्या वर्षी, २६ डिसेंबर १९६० ला, त्याच मैदानावर ईगल्स अंतिम सामना खेळले. समोर ग्रीन बे पॅकर्स. ईगल्स १७-१३ ने पुढे, शेवटचे काही सेकंद उरलेले. पॅकर्सचा जिम टेलर चेंडू घेऊन सुसाट निघाला. त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये होता ३५ वर्षांचा चक बेडनारिक. खेळ आक्रमण-बचाव असा कधीच वाटला गेला होता, पण हा गडी त्या दिवशी दोन्ही बाजूंनी जवळजवळ अख्खा सामना खेळला होता. त्याने टेलरला गोलरेषेपासून आठ-नऊ यार्डांवर मिठी मारून आडवा केला आणि घड्याळ संपेपर्यंत त्याच्या अंगावरून उठला नाही.